बोरीवरचं मोहोळ, डोंगरातली पेटी

सातारा जिल्ह्यात मधमाशीचे दोन इतिहास आहेत. पहिला महाबळेश्वरचा. तिथं वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, जांभूळ-हिरड्याचं दाट रान आहे आणि मधाची सरकारदरबारी नोंद 1946 सालापासून आहे. दुसरा जिल्ह्याच्या पूर्व टोकाच्या, आमच्या माणदेशाचा. म्हसवडला पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तर माणसं म्हणतात, यंदा बरं साल गेलं. इथल्या मोहोळांची वही कुणी घातली नाही. जे काही उरलं ते म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात, बायकांच्या फणेरपेटीत आणि बांधावरच्या बोरी-बाभळीत. पहिल्या इतिहासावर पुस्तकं आहेत, त्याला संस्थांचा आधार आहे. दुसरा मी ऐकलेला आणि पाहिलेला. आता डाळिंबाची बाग करताना त्याची किंमत रोज कळते, म्हणून तो लिहून ठेवते आहे.

माझं सासर म्हसवड, माहेर आटपाडीच्या अंगाला. मधे राजेवाडीचा तलाव. 1876-78 च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावं म्हणून ज्याचं बांधकाम सुरू झालं, तोच. एक गाव साताऱ्यात, दुसरं सांगलीत, पण रान एकच. लिंब, बाभूळ, हिवर, बोर, चिंच, करंज, माळाला तरवड आणि बांधाला घायपात. परका माणूस या रानाकडं बघून म्हणतो, इथं फुलं कुठं आहेत? फुलं आहेत, पण ती पाळीपाळीनं येतात. पावसाळ्यात तरवड आणि बाभूळ पिवळी होते. श्रावण-भादव्यात बाजरी निसवते. बाजरीचं काम वाराच करतो, तिला माशीची गरज नाही. माशीला मात्र बाजरीची गरज आहे, कारण पिलांना भरवायला लागणारा पराग तिला तिथं मिळतो. भादवा-आश्विनात बोर फुलते. तिची हिरवट फुलं नजरेला पडत नाहीत, पण झाडाखाली उभं राहिलं की वर गुणगुण ऐकू येते. पुढं शाळू, मग करडई, माघ-फाल्गुनात शेवगा, चैत्रात लिंब आणि करंज, उन्हाळा संपता संपता चिंच. ही साखळी जिथं तुटते तिथं मोहोळ उठतं आणि निघून जातं.

या रानात माश्या चार जातींच्या. वडा-पिंपळाच्या उंच फांदीला किंवा कड्याला एकच मोठं पोळं बांधते ती आग्या. ती कायमची वस्ती करत नाही. फुलोरा संपला की उठते आणि हंगाम आला की परत येते, पुष्कळदा त्याच झाडाला. विहिरीच्या कपारीत, जुन्या वाड्याच्या भिंतीत अंधार शोधून सात-आठ पोळी शेजारी शेजारी बांधते ती सातेरी. भिंतीच्या चिरेत राहणारी, नांगी नसलेली बारकी पोयाची माशी. आणि बोरीच्या, बाभळीच्या, घायपाताच्या आडोशाला तळहाताएवढं पोळं लोंबवते ती फुलोरी. डोंगराची माशी सातेरी, तशी माणदेशाची माशी फुलोरी. कोरडी हवा आणि ऊन तिला सोसतं.

फुलोरीचं मोहोळ जवळून पाहण्यासारखं असतं. ते डहाळीला नुसतं टांगलेलं नसतं, तर डहाळीच्या भोवतीनं बांधलेलं असतं. डहाळीला वेढून वरच्या बाजूला जाडसर मधाचा भाग असतो, त्याला आमच्याकडं कांदा म्हणतात. खाली पातळ पोळं, त्यात अंडी आणि पिलं. पोळ्याच्या दोन्ही अंगाला डहाळीवर चिकट डिंकाचं एकेक कडं लावलेलं असतं. मुंगी त्यावर आली की अडकते, म्हणजे घराला दोन्हीकडून कुंपण. कांद्याचा माथा सपाट असतो, तो का, हे मला फार उशिरा वाचायला मिळालं. माश्या नाचून एकमेकींना फुलांचा ठिकाणा सांगतात हे कार्ल फॉन फ्रिश यांनी शोधलं आणि त्यांना 1973 मध्ये नोबेल मिळालं. त्यांचे शिष्य मार्टिन लिंडाउअर 1950 च्या दशकात आपल्या बाजूच्या माश्या बघायला श्रीलंकेत आले. सातेरी अंधारात, उभ्या पोळ्यावर नाचते आणि फुलांचा सूर्याशी असलेला कोन पोळ्याच्या उभ्या रेषेवरून दाखवते. फुलोरी मात्र कांद्याच्या सपाट माथ्यावर, उघड्या आकाशाखाली नाचते आणि जिकडं फुलं आहेत तिकडंच सरळ तोंड करून धावते. आम्ही लहानपणी ज्याला फक्त मधाचा गोळा समजत होतो, ते त्यांचं अंगणही होतं.

मोहोळ झाडायचं काम गावात सगळ्यांचं नव्हतं. ठरावीक माणसांना ते जमायचं. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आण्णा म्हणायचो, त्यांपैकी एक. अंगावर घोंगडं, हातात धुमसणारी शेणकुटं आणि ओल्या पाल्याचा धूर. आग्या उठवायला ते रात्रीच जात. पुनवेच्या आधी मोहोळ भरलेलं असतं आणि अवसेला माश्या मध पिऊन टाकतात, असं जुनी माणसं सांगायची. यातलं पिऊन टाकणं खरं की खोटं ते सोडून देऊ, पण आग्या चांदण्या रात्रीही फुलांवर जाते हे आता अभ्यासकांनी नोंदवलेलं आहे. जुन्या माणसांनी चंद्राचा आणि मधाचा संबंध धरला होता, तो अगदीच वाऱ्यावरचा नव्हता.

आण्णांची एक रीत होती. आग्याच्या पोळ्यात मध एका कडेला, फांदीलगत साठलेला असतो आणि पिलं बाकीच्या भागात. ते मधाची कड तेवढी कापायचे आणि पिलांचं पोळं फांदीला तसंच ठेवायचे. फुलोरीचा कांदा तर एकाच अंगानं कापायचे. आम्ही पोरं सगळं मोहोळ मागायचो. ते म्हणायचे, ‘‘समदं न्यायचं न्हाई. तिची लेकरं हायती त्यात. पुढच्या साली येऊ दे का नगं तिला?’’ सगळेच असं करत नव्हते. मोहोळ पेटवून, माश्या जाळून मध पिळणारेही होते आणि त्या मधात पिलांचा रस मिसळलेला असायचा, तो लवकर आंबायचा. पण राखून कापणाऱ्याच्या हातचा मध लोक विचारून घ्यायचे. एखादी बाटली घरात असली तर ती वर्षभर पुरवायची. खोकल्याला चाटण, देवाच्या पंचामृताला चमचाभर. गोडासाठी गूळ होताच. मध हे औषध होतं.

मोहोळानं माणदेशाला मधापेक्षा जास्त दिलं ते मेण. ही गोष्ट पुरुषांच्या सांगण्यात येत नाही, कारण मेण बायकांच्या हातात असायचं. मध पिळून उरलेला चोथा आजी फडक्यात बांधायची आणि गरम पाण्याच्या पातेल्यात दगडाखाली दाबून ठेवायची. मेण वितळून वर यायचं. पातेलं रात्रभर तसंच राहू दिलं की सकाळी पाण्यावर पिवळी चकती धरलेली असायची. ती पुन्हा वितळवायची, चार थेंब खोबरेल घालायचं आणि डबीत ओतायचं. फणेरपेटीत आरसा, फणी, मेणाची डबी आणि कुंकवाचा करंडा. न्हाऊन झाल्यावर आजी बोटानं कपाळावर मेणाचा गोल टेकवायची आणि त्यावर कुंकू दाबायची. उन्हात खुरपायला गेलं, घामानं चिंब झालं तरी कुंकू ओघळायचं नाही. मेण चांगलं आहे की भेसळीचं, हे आजी वासावरून सांगायची. वहाणा शिवणारे कारागीर दोरा मेणातून ओढून घ्यायचे, म्हणजे शिवण पाण्यानं कुजत नसे. मूर्ती ओतणाऱ्यांचा नमुनाही मेणाचाच. आधी बाजारात तयार मेण आलं, मग टिकलीचं पाकीट, आणि घरोघरचं हे काम थांबलं. मोहोळाशी बायकांचा जो रोजचा संबंध होता तो तिथं तुटला. माझ्या मुलीला मेणाची डबी दाखवली तर तिनं विचारलं, यात काय ठेवायचे? एका पिढीत एवढा फरक पडला.

आता डोंगराकडं वळू. मध हवा तर पोळं मोडायलाच हवं, ही जगभरची अडचण होती. ती 1851 मध्ये अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ यांनी सोडवली. माश्या ये-जा करण्यापुरती सुमारे साडेनऊ मिलिमीटरची फट मोकळी ठेवतात, त्याहून मोठी फट पोळ्यानं भरतात आणि लहान असली तर डिंकानं बुजवतात. पेटीतल्या चौकटी बरोबर त्या अंतरावर ठेवल्या की प्रत्येक चौकट सुटी राहते, हवी तेव्हा उचलता येते. आपली सातेरी युरोपातल्या माशीपेक्षा लहान, म्हणून दक्षिणेत फादर न्यूटन यांनी 1910 च्या दशकात तिच्या मापाची छोटी पेटी तयार केली आणि तिरुचिरापल्लीकडं लोकांना शिकवलं. 1934 मध्ये गांधीजींनी वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. घाणी, हातकागद यांच्या जोडीला मधमाशीपालनही त्यात आलं. पोळं न मोडता, पिलं न मारता मिळणारा मध हा त्यांच्या विचारात बसणारा होता.

महाबळेश्वरला 1946 मध्ये हे काम सरकारी पातळीवर सुरू झालं. खादी ग्रामोद्योग मंडळाचं मध संचालनालय आजही तिथंच आहे. भोवतालच्या वाड्यावस्त्यांवर पूर्वी झाडाच्या ढोलीतून मध काढणारी माणसं होतीच, त्यांच्या अंगणात पेट्या आल्या. धूर कमी झाला, कोयती गेली, चौकट यंत्रात फिरवून मध काढायचा आणि रिकामी चौकट माश्यांना परत द्यायची, हे नवं शहाणपण तिथं रुजलं. जांभूळ, हिरडा, गेळा, पिसा आणि सात-आठ वर्षांतून एकदा सगळा डोंगर निळा-जांभळा करणारी कारवी, अशा फुलांवर हा धंदा उभा राहिला. 1962 मध्ये पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन आणि प्रशिक्षण संस्था निघाली. डॉ. जी. बी. देवडीकर यांच्यासारख्या संशोधकांनी सह्याद्रीतली फुलं, पराग आणि माश्या यांचा बारकाईनं अभ्यास केला. त्याच 1962 साली तिकडं उत्तरेत नगरोटा बगवान इथं युरोपातली मेलीफेरा माशी भारतात यशस्वीपणे रुजवली गेली. ती मध जास्त देते, पण तिला पेट्या गाडीत घालून फुलांमागं फिरवावं लागतं. 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूनं दक्षिण भारतातल्या सातेरीच्या वसाहती उजाड केल्या, तेव्हा मेलीफेराकडं ओढा आणखी वाढला. डोंगरातल्या लोकांनी तरीही सातेरी सोडली नाही. 2022 च्या मे महिन्यात महाबळेश्वरजवळचं मांघर हे देशातलं पहिलं मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. मांघर मी पाहिलं आहे. घराच्या भिंतीलगत, झाडाखाली, दगडावर पेट्या मांडलेल्या आणि माणसं त्यांच्या अंगावरून बेताबेतानं चालणारी. गावात कुणीही झाड तोडताना आधी त्याचा फुलोरा विचारात घेतो, हे मला तिथं सगळ्यात मोलाचं वाटलं.

हा धंदा त्याच जिल्ह्याच्या पूर्व टोकाला का आला नाही? कारण सगळा हिशेब मधाच्या किलोत मांडलेला होता. डोंगरात सातेरीची पेटी वर्षाला पाच-दहा किलो मध देते. माणदेशात फुलांची साखळी मधे मधे तुटते, आणि तुटली की सातेरी पेटी सोडून निघून जाते. 1972 सारख्या सालात तर माणसांनाच सुकडी खाऊन, खडी फोडून दिवस काढावे लागले, 2012-13 मध्ये म्हसवडला जनावरांची छावणी उभी राहिली. अशा मुलखात पेटीतल्या माशीला साखरेचा पाक घालून जगवा, असं कुणाला सांगणार? किलोच्या हिशेबात माणदेश नापास झाला आणि मधमाशी हा आपला विषय नव्हे, अशी इथल्या शेतकऱ्याची समजूत झाली.

ती समजूत डाळिंबानं चूक ठरवली. आधी गणेश ही जात आली, मग भगवा आला. आटपाडी, सांगोला, माण या कोरड्या पट्ट्यात बागा झाल्या. पुढं टेंभू योजनेचं पाणी आटपाडीकडं आणि उरमोडी धरणाचं माणमध्ये आलं. डाळिंबाच्या बागेत दोन प्रकारची कळी येते. बुडाशी फुगीर ती मादी कळी, फळ धरतं ते तिलाच. निमुळत्या बुडाची, घंटेच्या आकाराची ती नर कळी, ती गळून जाते. डाळिंब स्वतःच्या परागावरही धरतं, पण माश्या फिरल्या की सेटिंग (फळधारणा) सुधारते, हे बागाईतदार स्वतःच्या डोळ्यांनी बघतात. पावसाळा सरल्यावर फुलणाऱ्या हस्त बहारात सकाळी उन्हं तापायच्या आत बागेत जावं. चुरगळलेल्या तांबड्या पाकळ्यांच्या आत पुंकेसरांचा झुबका असतो, त्यात फुलोरी पार बुडून जाते आणि गोल गोल फिरते. बाहेर येते तेव्हा मागच्या पायांना परागाचे गोळे आणि सगळं अंग भुकटीनं माखलेलं. तशीच ती पुढच्या फुलावर उतरते. ही मजुरी आपण कधी दिली नाही.

डाळिंब एकटं नाही. सूर्यफुलाचे दाणे भरायला माशी लागते. कांद्याचं बी धरायचं तर गोंड्यांवर माश्या हव्यात. माश्या नसल्या तर गोंडा पोकळ राहतो. म्हणून आता लोक पेट्या भाड्यानं आणून बागेत ठेवतात. जगातल्या प्रमुख अन्नपिकांच्या जातींपैकी सुमारे 75 टक्के जाती थोड्याफार प्रमाणात तरी माश्या-पाखरांच्या परागीभवनावर अवलंबून आहेत. माणदेशाचा मधमाशीशी असलेला व्यवहार फळात मोजायचा आहे, मधात नव्हे. हे कळायला आपल्याला फार वर्षं लागली आणि मधल्या काळात आपण तिचं घर मोडलं. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वाद झाले, बांध कोरले गेले, बोरी-बाभळी यंत्रानं उपटल्या. फुलकिडे मारायला ऐन फुलोऱ्यात, भर सकाळी औषध फवारलं गेलं. आमच्याच बांधाला एका सकाळी बोरीखाली फुलोरीचा सडा पडलेला मी पाहिला आहे. ज्यांनी फवारलं त्यांना माशी मारायची नव्हती. त्यांना वेळ कुणी सांगितली नव्हती.

म्हणून मधमाशीचा मान राखायचा म्हणजे काय करायचं, ते साध्या भाषेत सांगते. बाग फुलावर असताना फवारणी टाळता आली तर टाळावी, टळत नसेल तर ती दिवस मावळल्यावर करावी, माश्या घरी परतलेल्या असतात. शेजाऱ्याची पेटी किंवा बांधावर मोहोळ असेल तर आदल्या दिवशी निरोप द्यावा. म्हसवडला ‘माणदेशी तरंग’ हे आपलं रेडिओ केंद्र आहे. बहाराच्या दिवसांत रोज संध्याकाळी एवढी एक सूचना त्यावरून गेली तरी केवढं काम होईल. शाळेच्या इमारतीला, पाण्याच्या टाकीला आग्या बसली तर ती पेटवू नये. मुलांना तिकडं जाऊ देऊ नये, फुलोरा संपला की ती आपणच उठते. उन्हाळ्यात परातीत दगड-गोटे घालून उथळ पाणी ठेवावं, खोल भांड्यात माशी बुडते. मध विकत घेताना तो यंत्रानं काढलेला आहे की पिळलेला, हे विचारावं. थंडीत मध थिजला तर भेसळ म्हणून टाकू नये, पुष्कळ चांगले मध थिजतात. आणि मोहोळ काढायचंच असेल तर जाणत्या माणसाकडून, पिलांचं पोळं राखून.

20 मे हा जागतिक मधमाशी दिवस. स्लोव्हेनियातला मधपाळ अँटोन यान्शा 1734 मध्ये जन्मला, त्याच्या स्मरणार्थ संयुक्त राष्ट्रांनी 2017 मध्ये तो ठरवला आणि 2018 पासून तो पाळला जातो. आमच्याकडं त्या दिवसांत शाळांना सुट्टी आणि रान भाजलेलं. माणदेशानं मधमाशीचा दिवस मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेच्या आसपास पाळावा. ग्रामदैवत सिद्धनाथाच्या रथयात्रेला तेव्हा पंचक्रोशीतलीच नव्हे तर लांबलांबची माणसं म्हसवडला येतात. जत्रेत अवजारांची, बियाण्यांची दुकानं लागतात, तिथंच मांघरच्या मधपाळाला बोलावून त्याची पेटी उघडून दाखवावी आणि शेजारी आपल्या फुलोरीचं जुनं, सोडून गेलेलं पोळं मांडावं. एकाच जिल्ह्याचे हे दोन धडे मुलांना एका जागी बघायला मिळतील.

आणि झाडं. येत्या पावसाळ्यात प्रत्येक बागाईतदारानं बांधावर शेवगा, करंज, चिंच, बाभूळ आणि बोर अशी पाच झाडं लावावीत, आहेत ती राखावीत. शेवगा माघ-फाल्गुनात फुलतो, करंज चैत्र-वैशाखात, चिंच उन्हाळा सरताना, बाभूळ पावसात, बोर आश्विनापर्यंत. बोर संपते तेव्हा हस्त बहाराची कळी उमलायला लागलेली असते. पाच झाडांना ठिबकची एक नळी आणि दोन-तीन वर्षांची राखण पुरते, पुढं ती आपल्या मुळांवर उभी राहतात. एवढं केलं तर माशीला माणदेश सोडून जायचं कारण उरणार नाही आणि आपल्याला पेट्या भाड्यानं आणायची वेळ पुष्कळ कमी येईल.